मोरीपुढची जागा

सोयाबीन निघालं की लातूरच्या आमच्या गल्लीपर्यंत त्याचा भुसा येतो. बाजार समितीकडे जाणारे ट्रॅक्टर दिवसभर घरघरतात, पोत्यांतून गळालेले दाणे टायरखाली फटाफट फुटतात आणि गच्चीवर वाळत घातलेल्या कपड्यांना बारीक, पिवळी, खाजरी धूळ बसते. शेजारणी नाकाला पदर लावून वैतागतात. मी कपडे झटकायला जाते आणि माझा उजवा तळहात जड होतो. खरंच जड होतो, लोखंडाची पहार धरल्यावर होतो तसा. दरवर्षी होतो, आणि दरवर्षी मी तो साडीला पुसते.

त्या हंगामात मी एक कुत्रा मारला. भुऱ्या त्याचं नाव. घरचा होता, आमच्याच भाकरीवर वाढलेला. मारला, आणि वर खोटं बोलले की तो चावायला अंगावर आला होता. चौथीच्या पोरांना खरं बोलावं हे शिकवणारी बाई मी. एकवीस वर्षांच्या नोकरीत कुठल्या पोराच्या हातावर पट्टी मारली नाही, याचा मला कोण अभिमान. तो अभिमान त्या सकाळी तीन घावांत संपला. घाव कुणी मोजले असं विचारू नका. दोन मला आठवतात आणि तिसरा हाताला आठवतो.

शाळा बंद होत्या ते वर्ष. सगळं जग दाराला कडी लावून बसलं होतं, तेव्हा आम्ही दोघं लातूरचं घर बंद करून निलंग्याच्या पुढे, कर्नाटकाच्या हद्दीजवळ आमच्या गावी राहायला गेलो. नवऱ्याचं ऑफिस लॅपटॉपवर, माझी शाळा मोबाइलवर. रेंज फक्त माळवदावर यायची, म्हणून मी वर चढून पोरांना भागाकार शिकवायची आणि खाली परसात माझ्या थोरल्या जाऊबाई कोंबड्यांना दाणे टाकत असायच्या. त्यांना सगळं गाव अक्का म्हणतं, मीही अक्काच म्हणते. अक्कांची दोन्ही मुलं पुण्याला. भाऊजी दिवसभर शेतात. घरात बोलायला कुणी नाही, म्हणून अक्कांनी गावरान कोंबड्या पाळलेल्या. "ह्या घरात माझ्या हाकंला पळत येनारं येवढंच हाय गं," त्या एकदा म्हणाल्या आणि 'ती ती ती' करत मूठभर जोंधळा फेकला. चारी कोपऱ्यांतून पंख फडफडवत, एकमेकींना तुडवत कोंबड्या धावल्या. अक्कांचा चेहरा तेव्हा बघण्यासारखा होता. त्या कोंबड्यांचं काही झालं तर या बाईचं काय होईल, हे मला तिथे कळलं.

पाऊस थांबला, राशी सुरू झाल्या. मळणी यंत्रं रात्रंदिवस धडधडायला लागली. आठ-दहा दिवसांत गावाभोवतीचं हिरवं रान नुसतं भादरून टाकल्यासारखं झालं. आपण म्हणतो सुगी आली. पण त्या सोयाबीनच्या दाटीत चार महिने कोण कोण राहत असतं. लेकरं घातलेली असतात, बिळं केलेली असतात. डोक्यावरचं पीक गेलं की ती सगळी जनावरं उघडी पडतात. तुरीच्या ओळी तेवढ्या उभ्या राहतात, आणि त्या ओळींमधून वाट थेट गावाच्या परसात येते. हे मला आज कळतं. तेव्हा मी शहाणी होते, मला यूट्यूबवरून सगळं कळत होतं.

पहिली आली ती घार. भर दुपारी. अक्कांच्या एका कोंबडीनं पिलं काढलेली, कापसाच्या बोंडासारखी. मी माळवदावर मोबाइलमध्ये बोलत होते, "हातचा घ्या रे, हातचा," आणि माझ्या कानाजवळून काहीतरी गेलं. वारा लागला इतकं जवळून. खाली एकच चिरकी ओरड झाली. कोंबडी अंग फुगवून आभाळाकडे उडी मारत होती, आणि वर, लिंबाच्या शेंड्यापलीकडे, एक पिलू घारीच्या पायात अजून पाय हलवत होतं. माझ्या हातातला मोबाइल चालू होता. लातूरहून एक पोरगी विचारत होती, "बाई, काय झालं? बाई, काय झालं?" मी म्हटलं, काही नाही.

दुसऱ्या दिवशी मी नवऱ्याच्या जुन्या गाण्यांच्या सीडी काढल्या आणि परसावर आडव्या दोऱ्या बांधून लटकवल्या. उन्हात त्या लखलखायला लागल्या. घार चार दिवस फिरकली नाही. पाचव्या दिवशी त्याच दोरीखालून आली आणि दुसरं पिलू घेऊन गेली.  अक्कांनी वेताचं मोठं डालं आणून उरलेल्या पिलांवर पालथं घातलं आणि त्यावर दगड ठेवला. माझ्या सीडी मात्र तशाच लखलखत राहिल्या.

रज्जाकचाचा आमच्या मागच्या अंगाला राहायचे. गावचे मुलाणी. कंदुरीला, जत्रेला बोकड-कोंबडं कापायला त्यांनाच बोलावणं असायचं, त्यामुळे मान, नस, हाड यांची त्यांना नेमकी माहिती. पण त्यांची खरी विद्या वेगळी होती. मेलेली कोंबडी बघून ते मारणारा सांगायचे. गावात कुणाचीही कोंबडी मेली की ती पायाला धरून चाचांच्या दारात नेण्याची रीतच होती. चाचा उकिडवे बसायचे, पिसं उलटी फिरवायचे, जखमेत करंगळी घालून बघायचे. मग भिंतीला हात पुसत निकाल द्यायचे. त्यांच्या निकालावर कुणी वाद घालत नसे.

"पिसं वाटंनं सांडली आन् कोंबडी गायब, तर रानमांजर. उचलून न्हेतंय," ते सांगायचे. "मुंडी गायब आन् धड जाग्यावर, तर मुंगूस. रगत पितंय, भेजा खातंय, बाकीच्याला तोंड लावत न्हाई. खुराड्याखालून माती उकरली आन् पायच तोडला, तर घूस. आन् समद्या मारल्या पन खाल्ली एक बी न्हाई, तर कुत्रं. कुत्रं पोटासाठी मारत न्हाई, बेटी. कुत्रं खेळासाठी मारतंय."

मी बाजारातून जाळी आणली, षटकोनी भोकांची, कोंबडीची जाळी म्हणूनच विकतात ती. चाचांनी भोकातून तीन बोटं घालून दाखवली. "ह्यातून कोंबडी भायेर जानार न्हाई, बराबर हाय. पन मुंगूस आत येतंय का न्हाई?" आणि हसले. मला राग आला. जाळी दुहेरी करून ठोकली. जाळीच्या खांबांना खड्डे घ्यायचे म्हणून भाऊजींनी गोठ्यातून पहार काढून परसाच्या भिंतीला उभी करून ठेवली. खुराड्याखाली शहाबादी फरशी आली, भिंतीवर बाभळीच्या काट्यांच्या फांद्या आल्या, संध्याकाळी मिरच्यांची धुरी द्यायला लागलो आणि घरातली माणसंच खोकून बेजार झाली. परस कसलं, किल्ला झाला होता. आणि तरी रोज सकाळी अक्का दार उघडताना आधी एक क्षण थांबायच्या. कान द्यायच्या. तो क्षण मला सहन व्हायचा नाही.

दिवाळी झाली आणि एका पहाटे परसात तीन कोंबड्या पडलेल्या दिसल्या. फाडलेल्या. एकीचं पोट उघडं, आतली कवच न धरलेली पिवळी अंडी मातीत लोळत होती. एकीचा पंख मुळापासून उपटलेला. तिसरी जिवंत होती. तिचे डोळे उघडे होते आणि मागचा भाग नव्हता. अक्कांनी तिला मांडीवर घेतलं, तोंडात पाणी सोडलं, आणि ती मरेपर्यंत तिच्या डोक्यावरून बोट फिरवत बसल्या. खाल्लेली एकही नव्हती.

चाचा म्हणाले, "कुत्रं. गावातलं मोकाट आसंल, भितीवरनं आलंय."

"आमचा भुऱ्या तर नसेल?" मी विचारलं.

चाचांनी माझ्याकडे बघितलं. "घरचं कुत्रं घरच्या कोंबडीला दात लावत न्हाई. आन् येकदा लावला, तर मंग सुटत न्हाई."

या दोन वाक्यांतलं पहिलं मी ऐकलंच नाही.

भुऱ्या म्हणजे काही फार देखणा कुत्रा नव्हता. मातकट रंगाचा, एक कान पडलेला, बरगड्या मोजता येतील असा. दिवसभर तो परसात, न्हाणीच्या भिंतीला लागून झोपायचा. परसाची भिंत न्हाणीला मिळते तिथे, न्हाणीतलं पाणी भिंतीपलीकडे जायला खाली एक मोरी आहे, वीतभर रुंद. बरोबर तिच्या तोंडाशी तो अंग टाकायचा. तिथली माती रोज झोपून झोपून खोलगट झाली होती. अंगाला घाण पाणी लागतं म्हणून आम्ही त्याला तिथून उठवायचो. लाथेनं, झाडूनं, कधी तांब्याभर पाणी ओतून. तो उठायचा, शेपूट हलवायचा, दोन मिनिटांनी परत तिथेच. आळशी आहे, गारव्याला पडतो, असं मी म्हणायची.

मी त्याच्यावर नजर ठेवायला लागले. तो कोंबडीकडे बघायचा ते मला वेगळं दिसायला लागलं. जीभ बाहेर काढली तरी संशय. कबरी नावाची कोंबडी तेव्हा अंड्यांवर बसली होती. अक्कांची सगळ्यात लाडकी, काळ्या-पांढऱ्या ठिपक्यांची. गोठ्याच्या कोपऱ्यात, गवताच्या पाटीत ती डोळे अर्धे मिटून एकवीस दिवसांच्या व्रताला बसलेली. अक्का तिच्यापाशी पाय न वाजवता जायच्या. एकदा मलाही त्यांनी तिच्या पोटाखाली हात घालायला लावला. काय ती ऊब! अंडं कानाला लावलं तर आत काहीतरी हलल्यासारखं वाटलं. मी त्या कोंबडीच्या प्रेमात पडले, सरळ सांगते. आणि प्रेमात पडलेलं माणूस कुणाचाही जीव घेऊ शकतं.

"भुऱ्याला पुढच्या ओसरीला बांधू या," मी म्हटलं. "कबरीची पिलं निघेपर्यंत तरी."

अक्का म्हणाल्या, "त्येला दाव्याची सवं न्हाई गं."

"सवय होईल," मी म्हटलं, आणि स्वतः दावं बांधलं. पहिले दोन दिवस तो भुंकला नाही, नुसता कण्हत राहिला, परसाकडे तोंड करून.

तिसऱ्या दिवशी दिवस उगवता उगवता मी चहा ठेवायला उठले. थंडी होती. चुलीपाशी अक्का जाळ करत होत्या. कोंबड्या नुकत्याच सोडलेल्या. गोठ्याकडून एक ओरड आली आणि मधेच तुटली. तशी तुटलेली ओरड मी आधी ऐकली नव्हती, पण तिचा अर्थ अंगाला कळला. ओसरीकडे काहीतरी ताडकन तुटल्याचा आवाज झाला. मागोमाग गोठ्यात झटापट, गुरगुर, टोपलं उलटल्याचा आवाज. मी अनवाणी धावले.

भुऱ्या गोठ्याच्या तोंडाशी उभा होता. गळ्यात तुटलेलं दावं लोंबत होतं. जबड्यात कबरी. तिचे दोन्ही पंख दोन्ही बाजूंनी सुटलेले, आणि भुऱ्याचं तोंड नाकापासून गळ्यापर्यंत लाल. मागे पाटी पालथी, अंडी फुटलेली, बलक आणि रक्त एक झालेलं, आणि त्या चिखलात पिसं न फुटलेलं एक पिलू चोच उघडत होतं. मिटवत होतं. परत उघडत होतं.

माझं टाळकं फिरलं. लोक म्हणतात डोळ्यांपुढे अंधारी येते. मला नाही आली, उलट सगळं लख्ख दिसलं. दावं तोडून आला, हे दिसलं. तोंडाला रक्त, हे दिसलं. एकदा दात लावला तर मंग सुटत न्हाई, हे ऐकू आलं. भुऱ्या मला बघून पुढे आला, कबरीला माझ्या पायाशी ठेवलं, वळला, गोठ्याकडे तोंड करून खाली बसला. पाठ माझ्याकडे. मी भिंतीची पहार उचलली आणि त्याच्या मानेवर घातली.

तो ओरडला नाही. वाळलेली तुराटी मोडावी तसा आवाज आला. तो मान वळवायला गेला, ती वळेना. दुसरा घाव कमरेवर बसला. त्याचे मागचे पाय गेले आणि पुढच्या पायांनी तो माझ्याकडेच सरकायला लागला. लांब पळायचं सोडून माझ्याकडे. म्हणून तिसरा.

मला बरं वाटलं. हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. तोंडात लोखंडाची चव होती, आणि मला बरं वाटलं. दोन महिने आभाळातून, तुरीतून, भिंतीवरून कुणीतरी येऊन आमचं मारून जात होतं आणि आमच्या हाती काही लागत नव्हतं. आता लागलं होतं. ते बरं वाटणं किती वेळ टिकलं सांगू? नवरा धावत बाहेर येऊन "काय झालं?" म्हणेपर्यंत.

"अंगावर आला," मी म्हटलं. "चावायला आला. कबरीला मारलं आणि माझ्यावर आला."

वाक्य आपोआप बाहेर आलं, तयार असल्यासारखं. अक्का स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या, हातात फुंकणी. त्या भुऱ्यापाशी गेल्या नाहीत. फुटलेल्या अंड्यांपाशी बसल्या, चोच उघडणारं ते पिलू त्यांनी तळहातावर घेतलं. ते तिथेच थांबलं. मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "हात धू."

दुपारी घरातली माणसं तुरीला फवारणी करायला गेली आणि भुऱ्याला पुरायला रज्जाकचाचा आले. मी जवळ उभी होते. खड्डा त्यांनी त्याच पहारीनं घेतला. भुऱ्याला आत ठेवण्याआधी ते सवयीनं उकिडवे बसले. त्याचा पडका कान धरून तोंड वळवलं, थांबले, आणि म्हणाले, "बेटी, तांब्याभर पानी आन."

त्यांनी त्याचं तोंड धुतलं. वाळलेलं रक्त निघून गेलं आणि खालून दुसरंच तोंड निघालं. नाकाडी मधोमध चिरलेली. वरच्या ओठाचा तुकडा गेलेला. गालावर, डोळ्याखाली बारीक दातांच्या जोड-खुणा, दाट, खोल.

"हे रगत कोंबडीचं न्हाई," चाचा म्हणाले. "ह्येचंच हाय. मुंगसाचे दात. ह्येनं त्येला धरलं, त्येनं ह्येला फाडलं." मग बाजूला ठेवलेली कबरी त्यांनी पायाला धरून उचलली. "मुंडी कुटं हाय हिची?"

मुंडी नव्हती. सकाळपासून नव्हती. माझ्या पायाशी भुऱ्यानं ठेवली तेव्हाही नव्हती. मुंडी गायब, धड जागेवर. चौथीतल्या पोरालाही पाठ झालं असतं इतक्या वेळा ऐकलेलं. मी रक्त बघितलं, तुटलेलं दावं बघितलं, आणि कोंबडीकडे बघितलंच नाही.

चाचांनी भुऱ्याच्या मानेखाली हात घातला. बोटं मणक्यावरून फिरली, एका जागी थांबली. त्यांनी वर पाहिलं नाही. "चावायला येनारं कुत्रं तोंडावर मार खातंय, बेटी," ते हळू म्हणाले. "ह्येनं मागून खाल्लाय. बसल्या जागी."

 परसावर सीडी लखलखत होत्या, त्यांचे कवडसे खड्ड्यावरून फिरत होते. चाचांनी माती लोटली, वर काट्या टाकल्या, दगड ठेवले, कुठल्या जनावरानं उकरून काढू नये म्हणून. जाताना म्हणाले, "म्या कुनाला बोलनार न्हाई. पन तू कवातरी बोल."

भुऱ्या गेला आणि कोंबड्या जास्त मरायला लागल्या. रात्री नव्हे, भर दिवसा, परसात. दाणे टिपता टिपता एक बाजूला व्हायची आणि मग तिचं धड सापडायचं. मुंडी नसलेलं, अजून गरम. आम्ही वर बघत राहिलो, भिंती बघत राहिलो, काट्यांवर काट्या रचल्या. भाऊजी विळा घेऊन तुरीत शिरून आले. अक्का जेवायच्या कमी झाल्या. त्यांची हाक तीच होती, 'ती ती ती', पण धावून येणारी पावलं विरळ होत चालली होती. मी ते ऐकू येऊ नये म्हणून माळवदावर जाऊन मोठ्यानं पाढे म्हणून घ्यायची.

येळवस आली, म्हणजे वेळ अमावास्या. आमच्याकडे येळवशीला गावात कुणी राहत नाही. आंबिलाचं बिंदगं डोक्यावर घेऊन, डाळी-भाज्यांची भज्जी आणि बाजरीच्या उंड्यांच्या पाट्या गाडीत घालून म्हाताऱ्याकोताऱ्यांसकट गाव शेतात जातं. कडब्याची कोप करून पांडव पुजतात, जेवतात, शिवारभर आंबिल शिंपडतात. गावात नुसती कुलपं. मी म्हटलं, "मी थांबते. कोंबड्या राखते."

"येळवशीला कुनी घरी ऱ्हातं का?" अक्का म्हणाल्या. मग माझ्या तोंडाकडे बघितलं. एक उंडा आणि भज्जी झाकून ठेवली आणि गेल्या.

इतकं रिकामं गाव मी कधी अनुभवलं नव्हतं. भांड्याचा आवाज नाही, मोटरसायकल नाही. लांब शिवारातून हाळ्या ऐकू यायच्या आणि विरायच्या. मी न्हाणीच्या दाराआड पाटावर बसले, पहार मांडीवर आडवी. परसात उरलेल्या पाच कोंबड्या उन्हाला पंख पसरून बसल्या होत्या. माथ्यावर सूर्य आला आणि मोरीच्या तोंडाशी काहीतरी हललं.

आधी नाक. मग लालसर डोळे. मुंगूस. त्याचा डावा कान धाग्यासारखा फाटून नुकताच भरून आलेला होता. ते मोरीतून अर्धं बाहेर आलं आणि थांबलं. समोरच्या खळग्यात, भुऱ्याच्या झोपायच्या त्या खळग्यात, त्यानं नाक घातलं. हुंगलं. मान वर करून चौफेर पाहिलं. पुन्हा हुंगलं. कुणी नाही याची खात्री करून घेतली आणि मगच ते परसात उतरलं.

तेव्हा मला कळलं. भुऱ्या तिथे गारव्याला पडत नव्हता. एवढ्या मोठ्या परसाचं एकच दार उघडं आहे हे त्याला ठाऊक होतं, आणि तो त्या दारात अंग टाकून पडलेला असायचा. आम्ही त्याला लाथा घालून उठवायचो आणि तो परत जाऊन पडायचा. शेवटी मी त्याला दाव्यानं बांधून ते दार मोकळं करून दिलं.

मी पहार घातली. जीव खाऊन घातली. ती दगडावर बसली, ठिणगी उडाली, खांद्यापर्यंत मुंग्या आल्या. मुंगूस मोरीतून कधीच गेलं होतं. कोंबड्या किंचाळत माळवदावर चढल्या. मी तिथेच बसून रडले. रिकाम्या गावात कुणी ऐकणारं नव्हतं, म्हणून मोठ्यानं रडले. मग उठून उरलेल्या जाळीचा तुकडा चौपदरी दुमडला, मोरीत ठोकून बसवला, पाण्याला फट ठेवून पुढे अर्धी वीट लावली. पाच मिनिटं लागली. इतकंच काम होतं. अक्कांनी झाकून ठेवलेला उंडा मी भुऱ्याच्या दगडांवर ठेवला आणि दिवसभर उपाशी राहिले.

त्यानंतर परसात मुंगूस आलं नाही. पाचाच्या पुन्हा वीस-बावीस झाल्या. शाळा उघडल्या, आम्ही लातूरला परतलो. पुढे रज्जाकचाचा गेले. कवातरी बोल, म्हणणारं माणूस गेलं, आणि बोलायचं तसंच राहिलं. प्रत्येक येळवशीला गावी जायची, भज्जी खायची, आणि न बोलता परत यायची. मेलेल्या कुत्र्याच्या नावावर माझं खोटं तसंच चालू होतं. घरात पाहुणे आले की भाऊजी सांगायचे, "आमचं कुत्रं पिसाळलं होतं, भावजयीच्या अंगावर आलं." आणि मी चहा गाळत राहायची.

गेल्या येळवशीला शेतातून लवकर परतलो. ऊन कलतं होतं. अक्का न्हाणीच्या पायरीवर बसून सुपात जोंधळा पाखडत होत्या. मोरीपुढच्या त्या खळग्यात तीन कोंबड्या धुळीत लोळत होत्या. पंखांनी माती अंगावर उडवून घेत होत्या, डोळे मिटून, सुखात. त्यांना काय ठाऊक तो खळगा कुणी केला. मी उभी होते, माझा तळहात जड झाला, आणि तोंडातून निघून गेलं.

"अक्का, भुऱ्या माझ्या अंगावर आला नव्हता."

सूप थांबलं नाही. "ठावं हाय," अक्का म्हणाल्या.

"चाचांनी सांगितलं?"

"त्येंनी कशाला सांगावं. म्या दारातच हुते की. तू पहार उचललीस, तवा त्यो शेपूट हालवत हुता."

इतकी वर्षं. भाऊजी तो किस्सा सांगायचे तेव्हा ही बाई तिथेच बसलेली असायची. मला वाटलं, आता पायाखालची जमीन गेली तर बरं. आणि मी जे विचारू नये तेच विचारलं. "मग मला अडवलं का नाही तुम्ही?"

सूप थांबलं. अक्कांनी एक खडा वेचला, लांब टाकला.

"मला बी वाटलं, त्योच हाय."

त्यांनी मूठ भरून जोंधळा परसात फेकला आणि 'ती ती ती' अशी हाक दिली. कोंबड्या धूळ झटकून उठल्या आणि धावल्या. मोरीपुढचा खळगा रिकामा झाला. आम्ही दोघींनीही तिकडे बघितलं नाही.